बसमधून फिरणं, विश्वासावर जगणं: लेकीला वर्षभर पाठवावं का?

खारीगावकर

नमस्कार. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, मोठा धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. वडील रेल्वेत होते म्हणून कळव्याला आलो आणि इथलेच झालो. लेक तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, ऐरोलीला एका कंपनीत पगारपत्रकांचं काम बघते. गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मी नोकरी सोडतेय. वर्षभर बसबरोबर जाणार आहे."

बस म्हणजे काय ते सांगतो. वीस-पंचवीस वयाची बारा-चौदा मुलंमुली, एक जुनी बस, आणि गावोगावच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांकडे, मुक्काम. भजनं, मुलांची शिबिरं, शाळेच्या भिंती रंगवणं, पडेल ते काम. पगार नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र. कुणाकडे मागायचं नाही, येईल त्यात भागवायचं. आमच्यात याला 'विश्वासावर जगणं' म्हणतात. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या मंडळीचं वर्णन आहे, की सगळे एकत्र असत, आपापलं विकून आणत आणि ज्याला जशी गरज तसं वाटून घेत. त्यावरूनच हे आलं.

बायको ताटावरून उठून आत गेली. मी गप्प बसलो, कारण १९९३-९४ साली मी स्वतः चौदा महिने अशाच बसमध्ये काढलेत. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण ती बस का थांबली, हे मी लेकीला कधी सांगितलेलं नाही. इथे आधी सांगतो, म्हणजे तिला सांगताना जीभ अडखळणार नाही.

आम्ही तेरा जण होतो. बस एसटीच्या लिलावातली. पांढरा रंग मारला होता, पण दाराच्या कडेला खालचा लाल दिसायचाच. मागच्या अर्ध्या सीट काढून तिथे स्टोव्ह, पातेली, ढोलकी, पेटी आणि गाद्यांच्या वळकट्या. मुली मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी झोपायच्या, मुलगे बसमध्ये.

पैशांचा डबा ड्रायव्हरच्या सीटमागे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण चेपलेलं, कुलूप नाही. कुणाला चप्पल घ्यायचीय, कुणाची दाढ दुखतेय, त्याने डब्यातून घ्यायचे आणि आतल्या चाळीस पानी वहीत लिहायचं. शनिवारी रात्री जेवणं झाली की सगळ्यांसमोर सतरंजीवर डबा पालथा करायचा. एक जण मोजणार, एक लिहिणार, बाकीचे बघणार. कधी सहाशे निघायचे, कधी अकरा. अकरा निघाले त्या आठवड्यात आम्ही संगमनेरच्या बाजूला कांदे काढायला गेलो आणि मजुरी डब्यात टाकली. मागायचं नव्हतं, पण राबायला कुणाची ना नव्हती.

मग ३० सप्टेंबर उजाडला. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमची बस सोलापुरात होती. दुसऱ्या दिवशी उमरग्याकडे निघालो. डब्यात तीनशे चाळीस रुपये. त्या भागातली घरं जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड धाबं. झोपलेल्या माणसांवर ते सगळं खाली आलं होतं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात पाऊस. आम्हाला ढिगारा उपसायचं शिक्षण नव्हतं, औषधपाण्यातलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे उपयोगाची वस्तू एकच, सीट काढलेली बस. जखमी माणसाला तिच्यात आडवं करून नेता यायचं. सोलापूरला नऊ खेपा केल्या. एका म्हातारीचा पाय दाराच्या फळीला लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला होता. सबंध वाटेत ती एकच विचारत होती, म्हशीला पाणी कुणी पाजलं का. मी तिला तीनदा हो म्हणालो. म्हैस मी पाहिलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला डिझेल संपत आलं. पंपाच्या मालकाने बसमध्ये डोकावून पाहिलं आणि टाकी भरली. पावती फाडून रकमेच्या जागी आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "वहीला लावून ठेवा." आम्ही भाताच्या खळीने ती वहीत चिकटवली.

आमचं बिघडलं ते यानंतर. किल्लारीचं काम ऐकून लोक मनीऑर्डरी, ड्राफ्ट पाठवायला लागले. डब्यात मावेना. आमच्या पुढाऱ्यांनी बँकेत खातं उघडलं, एकट्याच्या नावावर. शनिवारची मोजणी बंद पडली. आमच्यातल्या एका बहिणीने प्रार्थनेनंतर सरळ विचारलं, खात्यात किती आहेत? ते म्हणाले, "हिशेब देवाकडे आहे." महिन्याभरात पाच जण निघून गेले. एप्रिलमध्ये बस नाशिकच्या अलीकडे एका आवारात लागली ती लागलीच. त्यांनी पैसे खाल्ले असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या वाक्यानंतर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघेनासे झालो. मला घरी यायला भाडं नव्हतं. मनमाडला एका किराणा दुकानात चार दिवस गोण्या उचलल्या आणि मग गाडीत बसलो.

आता लेक विचारतेय. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते आणि शेवट तसा झाला. काय करू?

चेंदणीकर

दादा, धागा वाचून सुन्न झालो. किल्लारीच्या वेळी मी शाळेत होतो, वर्गातून जुने कपडे गोळा केलेले आठवतात.

व्यवहाराचं बोलतो. जुनी बस लिटरला चार-पाच किलोमीटर देते. ठाणे ते नगर दोनशेच्या वर अंतर आहे. म्हणजे पन्नास लिटर, डिझेल नव्वदच्या आसपास. एका वाटेचे साडेचार हजार. त्यावर चौदा तोंडांचं दोन वेळचं जेवण, टायर, विमा. महिन्याचा आकडा लाखाच्या आसपास जाणार. हे कुठून येतं हे विचारा. "देव देतो" ठीक आहे, पण देव कुणाच्या हातून देतो त्या हाताचं नाव कळायला हवं.

पायवारी

आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, म्हणून हा धागा अगदी जवळचा वाटला. दिंडीतही हेच असतं. सामानाचा ट्रक पुढे जातो, पाण्याचा टँकर असतो, गावागावांत लोक पिठलं-भाकरी घेऊन उभे असतात. ती भाकरी कुणाची, कुणी विचारत नाही.

पण दिंडीत भिशी ठरलेली असते. प्रत्येक जण आधी रक्कम भरतो, दिंडीचालक जमाखर्च ठेवतो. आणि तीन आठवड्यांत पंढरपूर येतं, माणूस घरी परततो. वर्षभर वारी चालली तर काय होईल, असा विचार मी कधी केला नव्हता. माणसं तीच, रस्ता तोच, पण कुणीतरी आजारी पडणार, कुणाचं कुणाशी बिनसणार, कुणाच्या घरी लग्न निघणार. लेकीला विचारा, मधे घरी यायची सोय आहे का?

प्रश्नचिन्ह

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. या बसेस गावोगाव धर्मांतरासाठी फिरतात असं आम्ही ऐकतो. भूकंपासारख्या प्रसंगी मदतीच्या नावाखाली तेच झालं असेल तर?

खारीगावकर

राग कशाला, प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ देतो. उमरग्याच्या बाजूला आम्ही खिचडी वाटत होतो. आमच्यातल्या एका मुलाने रांगेत पत्रकं काढली. ज्या बहिणीने पुढे हिशेब विचारला, तिनेच त्याच्या हातून ती घेतली आणि चुलीत घातली. म्हणाली, भुकेल्याच्या हातात ताटाबरोबर कागद द्यायचा नाही, उद्या तो जेवणाचं देणं म्हणून प्रार्थना करेल. पुढाऱ्यांना ते आवडलं नाही. मला आवडलं आणि आजही माझं मत तेच आहे. आपली श्रद्धा सांगायचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिलाय, पण समोरच्याच्या अडचणीचा फायदा घेतला तर त्याला सुवार्ता म्हणता येत नाही. लेकीच्या बसवाल्यांना मी हे विचारणार आहे.

निळा_डोंगर

तुमचा अनुभव मोलाचा आहे, म्हणूनच सावध करतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, हिप्पी मुलांमध्ये अशी मोठी लाट आली होती. 'जीझस पीपल' म्हणायचे त्यांना. लांब केस, गिटार, समुद्रात बाप्तिस्मे, एका घरात वीस-तीस जण. जून १९७१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठ काढलं.

त्याच लाटेतून 'चिल्ड्रन ऑफ गॉड' हा गट निघाला. १९६८ साली डेव्हिड बर्ग याने सुरू केला. बसमधून फिरणारी, सगळं सोडून आलेली तरुण मुलं. आल्या आल्या जवळचं सगळं गटाला द्यायचं, घरच्यांशी संबंध तोडायचे. पुढे बर्गची पत्रं म्हणजेच देवाचा शब्द झाला, आणि त्या गटात लहान मुलांचं जे लैंगिक शोषण झालं ते तिथे वाढलेल्या मुलांनीच मोठेपणी जगासमोर आणलं. त्यांचे आईवडीलही चांगल्या हेतूनेच बसमध्ये चढले होते.

उपासना_पेटी

निळा_डोंगर, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण त्याच लाटेतली दुसरी एक बसही सांगायला हवी. मिलवॉकीहून निघालेला तरुणांचा एक जथा १९७२ साली बसने फ्लोरिडाकडे गेला, फिरत फिरत १९७३ मध्ये शिकागोला पोचला आणि तिथेच राहिला. 'जीझस पीपल यूएसए'. गरीब वस्तीत शेकडो जण एका छपराखाली, पैसा एकत्र. मला त्यांच्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते नुसत्या देणग्यांवर राहिले नाहीत. छपरांचं सामान विकण्यासारखे धंदे चालवले, त्यातून घर चाललं, बेघरांचा निवारा चालला. त्यांच्याविरुद्धही तिथे वाढलेल्या काहींनी पुढे गंभीर तक्रारी केल्या आहेत, हे लपवत नाही. एकत्र राहणाऱ्या कुठल्याही गटात मुलं आणि मुली किती सुरक्षित आहेत, हा प्रश्न पहिला.

आपल्याकडची गोष्ट जवळची आहे. साठच्या दशकात 'ऑपरेशन मोबिलायझेशन' या ख्रिस्ती संस्थेची तरुण मुलं युरोपातून जुन्या ट्रकमधून जमिनीच्या रस्त्याने भारतात आली. माझ्या आजोबांच्या मंडळीत अशी मुलं मुक्कामाला होती. आजी सांगायची, त्यांना तिखट सोसायचं नाही, तरी ताटात काही टाकायचे नाहीत.

चेंदणीकर

एक शंका. मागायचं नाही म्हटल्यावर हिशेब कुणाला द्यायचा? मागितलं तर देणाऱ्याला जाब द्यावा लागतो. इथे तर देणारा देव.

उपासना_पेटी

इथेच लोक फसतात. 'विश्वासावर' चालवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे इंग्लंडात ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर. दहा हजारांहून जास्त अनाथ मुलं सांभाळली, कुणाकडे पैसे मागितले नाहीत. पण त्यांचे वार्षिक अहवाल बघा. आलेली लहानातली लहान रक्कम नोंदलेली. देणाऱ्याला पावती, आणि छापील हिशेब सगळ्यांसाठी खुला.

आपल्या पंडिता रमाबाईंवर म्युलरांच्या चरित्राचा मोठा परिणाम होता. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती. ती १८९८ मध्ये संपली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली केडगावला आणल्या होत्या. पुढची हमी कुणाची नव्हती. १९०० च्या सुमाराला मुक्तीत, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमात, दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. हे काय नुसते हात जोडून झालं? विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा. मुलींनीच केलं. माझी पणजी तिथे वाढली. ती धान्य मापून घ्यायची आणि मापून द्यायची, शेवटपर्यंत. सुनांना जाच वाटायचा. पणजी म्हणायची, दुष्काळ पाहिलेला माणूस डोळ्याच्या अंदाजाने भात टाकत नाही.

वाशीची_मावशी

मी २००६-०७ मध्ये दीड वर्ष अशा टीममध्ये होते. बस नव्हती, दोन सुमो होत्या. इथे सगळे पैशांबद्दल बोलताहेत. मुलीची आई उठून आत का गेली ते मी सांगते.

पहाटे पाचला सहा मुली आणि एक मोरी. पाळीच्या दिवसांत पाच तासांचा रस्ता आणि गाडी थांबवायला सांगायची कुणाला, तर पुढे बसलेल्या भावाला. कपडे धुतले तर वाळत कुठे घालायचे? मंडळीत मुक्काम म्हणजे दरवेळी परकं घर. बहुतेक घरं देवमाणसांची असतात. एखादं तसं नसतं. आमच्यात एका मुक्कामी एका मुलीला त्रास झाला. तिने आमच्या पुढाऱ्यांना सांगितलं तर उत्तर मिळालं, यजमानांची बदनामी नको, क्षमा कर. ती दुसऱ्या दिवशी घरी गेली. मी तिच्याबरोबर गेले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दादा, हे विचारा. बसमध्ये वयाने मोठी, लग्न झालेली एखादी बाई आहे का? मुली एकेकट्या मुक्कामाला जातात की दोघी-दोघी? तक्रार ऐकणारा माणूस गटाबाहेरचा आहे का?

आणखी एक बोलते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. फार मोठा माणूस, मी त्यांची भजनं रोज म्हणते. पण 'स्मृतिचित्रे' वाचा. हातात येईल ते देऊन टाकणारे टिळक आणि चूल पेटती ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई. विश्वास दोघांचा होता. भाजी काय करायची हा प्रश्न मात्र एकीचाच होता. आमच्या टीममध्येही मुलगे प्रार्थना लांबवायचे आणि आम्ही कणीक मळायचो. पाळ्या लावल्यावर प्रार्थना आपोआप आटोपशीर झाली.

एवढं सगळं असूनही ते दीड वर्ष मी परत जगेन. रात्री नऊ वाजता अनोळखी गावात दार उघडणारी माणसं मी पाहिली आहेत. आज माझ्या दारात कुणी उभं राहिलं तर मी आधी आत घेते, नाव मागून विचारते. हे मला दुसरीकडे कुठे शिकता आलं नसतं.

जुनं_ठाणं

थोडं अवांतर, पण ठाण्याचंच. विश्वासावर फिरणारे ख्रिस्ती या गावात सातशे वर्षांपूर्वीही आले होते. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू चीनला निघाले होते. त्यांचं जहाज ठाण्याला लागलं. तोलेंतिनोचे थॉमस हे त्यांतले प्रमुख. नाणं बाळगायचं नाही असा त्यांच्या संघाचा नियम. ठाण्यात तेव्हा सीरियन परंपरेची मोजकी ख्रिस्ती घरं होती, त्यातल्या एका घराने त्यांना आसरा दिला. एप्रिल महिन्यात त्या चौघांना इथे मारण्यात आलं. नंतर ओडोरिक नावाचा त्यांच्याच संघातला प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत गेला. त्याच्या प्रवासवर्णनात ठाणं आहे. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉनचं चर्च पाहिलं की मला ते चौघे आठवतात, जरी ते चर्च पोर्तुगीज काळातलं, म्हणजे खूप नंतरचं असलं तरी.

मला राहून राहून त्या घरमालकांचा विचार येतो. चार परके, अंगावर जाडाभरडा झगा, हातात काही नाही. त्यांना रात्री काय वाढलं असेल?

स्टेअरिंग

मी बावीस वर्षं प्रवासी गाड्या चालवतोय. खारीगावकर, बस बघायला जाल तेव्हा फिटनेसचं प्रमाणपत्र मागा. जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. परमिट कुठलं आहे ते बघा, विम्यात बसलेल्या माणसांची संख्या बघा. गाडी चालवणाऱ्याकडे जड प्रवासी वाहनाचं लायसन हवं. "आमच्यातला एक भाऊ चालवतो" हे चालणार नाही. माळशेज नाहीतर कसारा घाटात पावसात ब्रेक तापला की गाणी म्हणणारी चौदा पोरं मागे असतात. सीट काढल्या असतील तर आरसीवर तशी नोंद आहे का तेही पाहा. तुम्ही किल्लारीला केलंत ते वेगळं, तेव्हाची गरज वेगळी. आता पकडली तर गाडी जागेवर उभी राहील.

ऐरोली_लोकल

हा धागा मम्मीने मला पाठवला. मीच ती लेक.

पप्पा, मनमाडच्या गोण्यांचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. किल्लारीची म्हातारी मात्र मला लहानपणापासून माहीत आहे. म्हशीसकट.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मावशी, तुमचा दोनदा वाचला. मी नोकरीला कंटाळून जात नाहीये. मी दर महिन्याला तीनशे साठ लोकांचा पगार काढते आणि मला ते काम आवडतं. मागच्या मे महिन्यात मी सुट्टी काढून या बसबरोबर दहा दिवस गेले होते, घरी शिबिर म्हणून सांगितलं होतं. मम्मी, त्याबद्दल माफ कर. जव्हारच्या बाजूला एका शाळेत आम्ही पाण्याची टाकी साफ केली आणि दोन वर्ग रंगवले. संध्याकाळी शाळेतल्या मावशींनी नाचणीच्या भाकऱ्या आणल्या. आम्ही चौदा जण आणि भाकऱ्या नऊ. कुणीही न सांगता सगळ्यांनी अर्धी-अर्धी घेतली आणि तरी दोन उरल्या. मला ते हिशेबात बसवता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे.

तुमचा शनिवारचा डबा त्यांच्याकडे नाही. यूपीआयवर पैसे येतात आणि ते एका दादांच्या खात्यात जातात. चांगले आहेत ते. पण मी त्यांना विचारलंय की हिशेब मी ठेवू का. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

खारीगावकर

बाळा, जेवायला ये. बाकीचं घरी बोलू.

वाशीची_मावशी

ऐरोली_लोकल, "अजून हो म्हटलेलं नाही" हे वाक्य नीट लक्षात ठेव. ते हो म्हणेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. आणि हे सगळं आईला समोर बसून सांग.

प्रश्नचिन्ह

मी वर खोचक विचारलं होतं. उत्तर वाचलं. पत्रकं चुलीत घालणाऱ्या त्या ताईंना माझा नमस्कार पोचवता आला तर पोचवा.

खारीगावकर

तीन आठवडे झाले, आता खबर देतो.

आम्ही तिघंही गेलो होतो. बस तुर्भ्याला एका गॅरेजच्या आवारात उभी होती. स्टेअरिंग, तुमची सगळी यादी घेऊन गेलो. पासिंग डिसेंबरपर्यंत आहे. चालक पगारी आहे, आमच्या समाजाबाहेरचा, लायसन पक्कं. सीट काढलेल्या नाहीत, सामान टपावर आणि डिकीत. मागची दोन टायर गुळगुळीत होती. मी तिथेच सांगितलं, ही बदलल्याशिवाय माझी मुलगी चढणार नाही. आता बदलली आहेत.

मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिका बाई वर्षभर बरोबर जाणार आहेत. वय पंचावन्न, आवाज खणखणीत. बायको त्यांच्याशी पाऊण तास एकटी बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई बऱ्या आहेत." मुली दोघी-दोघी राहणार. तक्रार ऐकायला वाशीच्या एका डॉक्टरबाई, ज्यांचा बसशी काही संबंध नाही. त्यांचा नंबर बसच्या दारावर आतून चिकटवला आहे.

पैशांवर मात्र अडलं. ते दादा वाईट नाहीत. म्हणाले, काका, आमचा एकमेकांवर विश्वास आहे, वही ठेवली तर तो कमी झाल्यासारखं होईल. मी त्यांना माझ्या बसची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून मनमाडपर्यंत. हेही म्हणालो, की प्रेषितांची कृत्ये दुसऱ्या अध्यायाशी थांबत नाहीत. पाचव्यात हनन्या जमीन विकतो आणि काही रक्कम गुपचूप मागे ठेवतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला काय विचारतो ते बघा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे देण्याची सक्ती नव्हती. दोष होता तो लपवण्याचा. मग एकत्र राहणाऱ्यांना सगळ्यात आधी काय उघडं ठेवायला हवं?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बसमधल्या बाकीच्या मुलांना बोलावलं. तासाभराने ठरलं की संस्थेच्या नावाने खातं उघडायचं, दोन सह्यांचं. शनिवारी सगळ्यांसमोर जमाखर्च वाचायचा. वही लेक ठेवणार. प्रत्येकाच्या नावाने परतीच्या भाड्याचे दोन हजार वेगळ्या पाकिटात. ते पाकीट ज्याचं त्याच्याकडेच राहणार, पुढाऱ्यांकडे नाही. जायचं झालं तर कुणाला कारण द्यावं लागणार नाही.

बायको अजून पूर्ण राजी नाही. तिने लेकीसाठी दोन मोठ्या चादरी शिवल्या आहेत आणि रात्री जागी असते. मी तिला समजवायला जात नाही. तिची काळजी खोटी नाही आणि माझ्याकडे तिचं उत्तर नाही.

पुढच्या शुक्रवारी पहाटे निघताहेत. पहिला मुक्काम मुरबाडच्या पुढे, मग माळशेज चढून ओतूर.

पायवारी

ओतूरला माझ्या आत्याचं घर आहे. निरोप देतो. चौदा माणसांचं जेवण तिला अवघड नाही, वारीत शंभरांचं करते. फक्त मांसाहार घरात चालत नाही, तेवढं सांगून ठेवा.

खारीगावकर

सांगतो. आत्यांना म्हणावं, भाकऱ्या थापायला पोरं हात लावतील. मुलगेसुद्धा.

चेंदणीकर

दादा, माझ्याकडे केटरिंगच्या दिवसांतली दोन मोठी पातेली पडून आहेत, पंधरा-वीस माणसांच्या भाताची. तुर्भ्याला आणून देऊ का?

ऐरोली_लोकल

हो काका, हवी आहेत. झाकणं असतील तर तीही आणा. गुरुवारी संध्याकाळी सातनंतर मी तिथेच असेन. आणि तुमचं नाव वहीत कसं लिहू तेवढं सांगा.